सेप्टिक टाकीच्या दुरुस्तीचं कोटेशन मागण्याआधी झाकण उघडा

सेप्टिक टाकी तुंबली की पहिला फोन मैला उपसणाऱ्या टँकरला जातो. टँकर येतो, टाकी रिकामी होते, संडासातलं पाणी पुन्हा झटकन जायला लागतं आणि घरात सगळ्यांना वाटतं, काम झालं. पण साधा हिशेब करून बघा. टाकी ३००० लिटरची आहे आणि घरातून रोज ५०० लिटर पाणी जातंय, तर ती पुन्हा भरायला सहा दिवस लागतात. हे सहा दिवस टाकी नुसती भरत असते, तिच्यातून बाहेर काहीच जात नसतं. बिघाड शोषखड्ड्यात, म्हणजे टाकीतून बाहेर पडणारं पाणी मातीत जिरवणाऱ्या खड्ड्यात असला, तर सातव्या दिवशी सगळं होतं तिथेच येतं.

शिवाय आणखी एक नुकसान झालेलं असतं. बिघाड नक्की कुठे आहे याचा सगळ्यात चांगला पुरावा भरलेल्या टाकीत असतो, आणि तोच टँकरबरोबर निघून गेलेला असतो. आता रिकाम्या टाकीकडे बघून तिघांनी कोटेशन दिलं, तर ती तीन वेगवेगळी कामं असतात. टँकरवाला दर दोन महिन्यांनी उपसा सांगतो, गवंडी नवा शोषखड्डा सांगतो आणि टाकीत टाकायची जिवाणूंची पावडर विकणारा पावडर सांगतो. तिघेही प्रामाणिक असू शकतात. बिघाड कुठे आहे हे त्यांना कोणी दाखवलेलंच नसतं, म्हणून प्रत्येकजण आपल्या हातातला इलाज सांगतो. अशी कोटेशनं शेजारी ठेवून सगळ्यात स्वस्त निवडण्याला काही अर्थ नाही.

म्हणून टाकी भरलेली असतानाच कामवाल्यांना बोलवा. ज्याला झाकण उघडून बघायचंच नाही, फोनवरच आकडा सांगायचा आहे, त्याला यादीतून सरळ वगळा.

झाकण उघडण्याआधी एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. टाकीत कोणीही उतरायचं नाही, आत डोकं घालून वाकायचं नाही आणि काडी पेटवून आत बघायचं नाही. आत मिथेन असतो, तो पेट घेतो. हायड्रोजन सल्फाइड असतो, तो काही श्वासांत माणसाला बेशुद्ध करतो. हा वायू जास्त प्रमाणात असला की नाकाची वास घेण्याची ताकदच जाते, त्यामुळे ‘आता वास येत नाही, म्हणजे वायू गेला’ हा समज जीवघेणा आहे. रिकाम्या टाकीतही तो धोका तसाच असतो, कारण तळाचा गाळ ढवळला की वायू पुन्हा सुटतो. एक माणूस आत कोसळतो आणि त्याला काढायला दुसरा उतरतो, असेच जीव जातात. बघायचं ते उभं राहून, टॉर्चने, थोडं लांबून. लहान मुलांना आसपास फिरकू देऊ नका आणि उघडं झाकण एक मिनिटही सोडून जाऊ नका.

आता पाण्याची पातळी बघा. चांगल्या चालणाऱ्या टाकीत पाणी बाहेर जाणाऱ्या पाइपाच्या बरोबर तळाशी टेकलेलं असतं, आणि आत येणारा पाइप त्याच्यापेक्षा साधारण ५ ते ७ सेंमी वर असतो. पाणी याच रेषेवर आहे आणि तरीही घरात तुंबतंय, तर टाकीचा काही दोष नाही. घरापासून टाकीपर्यंतच्या लाइनमध्ये अडकलंय. तिथे चेंबर उघडून लाइन साफ करणं किंवा बसलेला पाइप बदलणं एवढंच काम आहे. घरातलं एकच बेसिन किंवा एकच संडास तुंबत असेल, तर त्याहून लहान, प्लंबरचं काम.

पाणी बाहेरच्या पाइपाच्या वर चढलेलं असेल, तर अडथळा पुढे आहे. एकतर बाहेरचा टी (पाइपाच्या तोंडाला लावलेला इंग्रजी T आकाराचा जोड) किंवा पाइप गाळाने, मुळांनी बंद झालाय, नाहीतर शोषखड्डा भरलाय. आणि पाणी बाहेरच्या पाइपाच्या खाली असेल, तर टाकी गळतेय. हा तिसरा प्रकार लोकांना सगळ्यात बरा वाटतो, कारण घरात काहीच तुंबत नाही. खरं तर तोच सगळ्यात वाईट. न मुरलेला मैला थेट जमिनीत जातो आणि जवळ विहीर किंवा बोअर असेल, तर तिथे पोचतो.

पातळीनंतर गाळ मोजा. लांब काठीच्या खालच्या मीटरभर भागाला पांढरं जुनं टॉवेलचं कापड गुंडाळून सुतळीने घट्ट बांधा. बाहेर जाणाऱ्या पाइपाजवळ काठी सावकाश तळापर्यंत घाला, दोन-तीन मिनिटं धरून ठेवा आणि हळूच वर काढा. कापडावर तळाकडे काळा, चिकट पट्टा दिसतो आणि त्याच्या वर फिकट, नुसतं ओलं कापड. काळा पट्टा संपतो तिथपर्यंत गाळ. वरच्या तवंगाची जाडी मोजायला काठीच्या टोकाला काटकोनात छोटी फळी ठोका, ती तवंगाखाली नेऊन वर ओढा. हाताला अडल्यासारखं जिथे लागतं तिथे तवंगाचा तळ. गाळाचा माथा बाहेरच्या टीच्या तळापासून ३० सेंमीच्या आत आला असेल, किंवा तवंगाचा तळ त्याच टीपासून १५ सेंमीच्या आत आला असेल, तर उपसा व्हायलाच हवा होता. त्यापुढे गाळ वाहत शोषखड्ड्यात जायला लागतो. बहुतेक शोषखड्डे असेच मरतात. टाकी वेळेवर उपसली नाही म्हणून खड्डा बिघडतो, आणि दुरुस्तीला आलेला माणूस फक्त खड्डा नवा करून जातो.

मोजमाप झालं की उपसा करा, पण स्वतः समोर उभं राहून. पातळी बाहेरच्या पाइपाच्या खाली गेली की दोन मिनिटं पंप थांबवायला सांगा आणि त्या पाइपाच्या तोंडाकडे बघा. तिथून पाणी उलटं टाकीत येत असेल, तर शोषखड्डा तुडुंब भरलाय हे ठरलं, दुसऱ्या पुराव्याची गरज नाही. काही येत नसेल आणि तरीही पातळी वर चढलेली होती, तर टाकी आणि खड्डा यांच्यामधला पाइप किंवा टी बंद असण्याची शक्यता जास्त, आणि ते काम नव्या खड्ड्याच्या मानाने किरकोळ असतं. या दोन मिनिटांच्या निरीक्षणावर कोटेशनची रक्कम कितीतरी पटीने बदलते.

टाकी रिकामी झाली की टॉर्चने तीन गोष्टी बघा. आत येणारा आणि बाहेर जाणारा टी जागेवर आहेत का. बाहेरच्या टीचा खालचा पाय पाण्याच्या खोलीच्या साधारण तिसऱ्या हिश्श्यापर्यंत बुडायला हवा, नाहीतर तवंग सरळ बाहेर जातो. दोन कप्प्यांमधली भिंत शाबूत आहे का. आणि स्लॅबची खालची बाजू. पाण्याच्या रेषेच्या वरचं काँक्रीट वायूमुळे तयार होणाऱ्या आम्लाने खाल्लं जातं. सळया उघड्या पडून गंजलेल्या दिसल्या, तर त्या स्लॅबवर कोणी उभं राहू नये, आणि स्लॅब बदलणं हा कोटेशनमधला वेगळा कलम असायला हवा.

प्लास्टिकची टाकी असेल आणि जमिनीतलं पाणी वर आलेलं असेल, तर ती पूर्ण रिकामी करू नका. रिकामी टाकी होडीसारखी वर उचलली जाते आणि सगळे जोड तुटतात.

खड्डा भरलाय असं ठरलं, तरी नवा खड्डा हेच उत्तर असेल असं नाही. आधी बघा, खड्ड्यात नको ते पाणी जातंय का. छपराचा पन्हळ चेंबरला जोडलेला असेल, तर १०० चौरस मीटर छपरावर २५ मिमी पाऊस पडला की २५०० लिटर पाणी आत जातं. म्हणजे घराचं पाच दिवसांचं सांडपाणी एका सरीत. संडासाच्या फ्लश टाकीत रंगीत पाणी ओता आणि वीस मिनिटं फ्लश न करता थांबा. भांड्यात रंग उतरला तर फ्लश टाकी गळतेय आणि दिवसाला शेकडो लिटर पाणी गुपचूप वाया जातंय. सेप्टिक टाकी फक्त पावसाळ्यातच तुंबत असेल, तर पन्हळ वळवणं, चेंबरची झाकणं उंच करून सांधे भरणं आणि अंगणातलं पाणी दुसरीकडे काढणं, हे आधी करा. पुष्कळदा तेवढ्यावर भागतं.

हे सगळं करून खड्डाच निकामी ठरला, तर त्याचं कारण बहुधा भिंतीवर बसलेला काळा, बुळबुळीत थर असतो. हवा नसलेल्या जागी वाढणारे जिवाणू आणि टाकीतून वाहून आलेला बारीक गाळ मिळून तो तयार होतो आणि मातीची छिद्रं बंद करतो. खड्डा उपसून भिंती खरवडल्या तर थोडे महिने आराम पडतो, मग थर पुन्हा बसतो. पाणी पूर्ण बंद ठेवून खड्ड्याला काही महिने विश्रांती दिली, तर हवा लागून थर सुटतो आणि खड्डा बऱ्याच अंशी परत कामाला लागतो. म्हणूनच एका मोठ्या खड्ड्यापेक्षा दोन मध्यम खड्डे आणि मध्ये पाणी वळवायचं चेंबर, ही मांडणी मला नेहमीच जास्त शहाणपणाची वाटते. वर्षभर एक वापरायचा, दुसऱ्याला विश्रांती.

पावडरबद्दल थोडक्यात. मैल्यात जिवाणू मुळातच भरपूर असतात, बाहेरून आणून घालायची गरज नसते. साठलेला गाळ पावडरीने नाहीसा होत नाही आणि खड्ड्यातला थर निघत नाही. ॲसिड किंवा कॉस्टिक ओतलं, तर आहेत ते जिवाणूही मरतात आणि काँक्रीट खराब होतं.

नव्या खड्ड्याचं माप कामवाल्याच्या अंदाजावर सोडू नका, झिरपा चाचणी करा. जिथे खड्डा घ्यायचाय तिथे, पाणी जिरायला हवं त्या खोलीवर, ३० सेंमी रुंदीचं भोक घ्या. कुदळीच्या घावांनी गुळगुळीत झालेल्या भिंती खरवडा, तळात ५ सेंमी बारीक खडी टाका आणि रात्रभर पाणी भरून ठेवा. चिकणमाती फुगायला एवढा वेळ लागतोच; कोरड्या मातीत घाईने घेतलेली चाचणी खोटं आश्वासन देते. दुसऱ्या दिवशी खडीच्या वर १५ सेंमी पाणी ठेवा आणि अर्ध्या तासात किती सेंमी उतरलं ते मोजा. समजा ३ सेंमी उतरलं. म्हणजे २.५ सेंमी उतरायला २५ मिनिटं. आता २०४ ला (हा या सूत्रातला ठरलेला आकडा) २५ च्या वर्गमुळाने, म्हणजे ५ ने भागा: साधारण ४१. याचा अर्थ, या मातीची एक चौरस मीटर भिंत दिवसाला ४१ लिटर सांडपाणी पचवू शकते. रोज ५०० लिटर जाणार असतील तर १२.२ चौरस मीटर, म्हणजे सुमारे १३१ चौरस फूट भिंत हवी. २.५ सेंमी उतरायला अर्ध्या तासापेक्षा कमी वेळ लागला तर शोषखड्डा चालेल. एक तासाच्या वर गेला, तर त्या मातीत कितीही मोठा खड्डा खोदा, तो भरणारच. तिथे वेगळी व्यवस्था लागते आणि जाणकार अभियंत्याला बोलवणंच योग्य.

आता हा आकडा हातात घेऊन कोटेशन वाचा. एकजण म्हणतो, ६ फूट व्यासाचा १० फूट खोल खड्डा. दुसरा म्हणतो, ४ फूट व्यासाचे ९ फूट खोल दोन खड्डे. ऐकायला पहिला भारी वाटतो. पण टाकीतून येणारा पाइप जमिनीखाली ३ फुटांवर खड्ड्यात शिरत असेल, तर त्याच्या वरची भिंत काही कामाची नाही. पहिल्यात उरली ७ फूट, म्हणजे ६ गुणिले ३.१४ गुणिले ७, जवळपास १३२ चौरस फूट. दुसऱ्यात प्रत्येकी ६ फूट, दोन्ही एकाच वेळी वापरले तर मिळून १५० चौरस फुटांच्या वर (आलटूनपालटून वापरायचे असतील, तर एकेका खड्ड्याची भिंत एकट्याने पुरायला हवी). खोदाई मात्र पहिल्याची २८३ घनफूट आणि दुसऱ्याची २२६. कमी खोदाईत जास्त झिरपा, म्हणून कोटेशनची तुलना खड्ड्याच्या खोलीवर नाही, तर पाइपाच्या खालच्या भिंतीच्या चौरस फुटांवर करा. तळ मोजू नका, तो सगळ्यात आधी बंद होतो. व्यास खोदाईचा धरा, बांधकामाच्या आतला नाही. दोन खड्ड्यांमध्ये व्यासाच्या तिप्पट अंतर हवं, नाहीतर दोघांचं पाणी एकाच मातीत जाऊन मिळतं. खड्ड्याचा तळ पावसाळ्यातल्या भूजलपातळीच्या किमान दीड-दोन मीटर वर राहायला हवा, आणि पिण्याच्या पाण्याची विहीर कमीत कमी १५ मीटर लांब. फटी असलेल्या खडकात ३० मीटरही कमी पडू शकतात. स्थानिक नियम जास्त मागत असतील, तर तेच पाळायचे.

आता एक कागद तयार करा आणि तोच सगळ्या कामवाल्यांना द्या. त्यावर टाकीचं माप, घरातली माणसं, मोजलेला गाळ, पाण्याची पातळी, उपशाच्या वेळी पाणी उलटं आलं की नाही, झिरपा चाचणीचा आकडा आणि हवी असलेली भिंत, एवढं लिहा. मग मागा ते कलमवार: उपसा किती लिटर आणि मैला कुठे टाकणार, खोदाई घनमीटरच्या दराने, आणि कठीण खडक लागला तर त्याचा दर आताच वेगळा, खड्ड्यात पाणी लागलं तर उपसायचा खर्च कोणाचा, पाइप किती मिमी, कोणत्या दर्जाचा, किती मीटर, टी, चेंबर, झाकणं नगावर, जाळीदार (पाणी झिरपायला फटी ठेवलेलं) बांधकाम आणि त्याच्या भोवती १५ सेंमी जाड वाळू-खडीचा थर, जुना खड्डा उपसून, भरून बंद करणं, फरशी, बाग, फाटक पूर्ववत करणं, परवानगी लागत असेल तर ती कोण आणणार. ‘एकूण काम, साहित्यासकट’ अशी एकच रक्कम लिहून आली, तर परत पाठवा. खडक लागल्यावर आणि पाणी लागल्यावर तीच रक्कम वाढत जाते, आणि तेव्हा अंगण उकरलेलं असतं, नाही म्हणायची सोय उरत नाही.

‘टाकीत माणूस उतरवला जाणार नाही’ हे वाक्य करारात लिहून घ्या. आतून प्लास्टर किंवा टी बदलण्यासाठी उतरणं टळतच नसेल, तर वायू मोजायचं यंत्र, जोराने हवा खेळवणारा पंखा, वर ओढून काढायची दोरी आणि बाहेर सतत उभा माणूस, हे सगळं कोटेशनमध्ये किंमतीसकट दिसलं पाहिजे. इथे जो स्वस्त पडतो, तो कोणाच्या तरी जिवावर स्वस्त पडतो. असं कोटेशन स्वीकारू नका.

कोटेशन घेताना प्रत्येकाला एकच प्रश्न विचारा: बिघाड कुठे आहे आणि तुम्ही ते कशावरून म्हणताय? उत्तरात पातळी, गाळ, उलटं आलेलं पाणी यांतलं काही आलं, तर माणूस जाणता आहे. ‘वीस वर्षांचा अनुभव आहे’ एवढंच उत्तर आलं, तर पुढचा माणूस बघा.

काम सुरू झाल्यावर सगळ्यात जास्त चुका पाइपाच्या ढाळात होतात. ११० मिमीच्या पाइपाला ६० ला १ असा ढाळ धरला, तर १० मीटरमध्ये सुमारे १७ सेंमी उतार हवा. लेव्हल ट्यूब (पाणी भरलेली पारदर्शक नळी) लावून तो मोजून घ्या. काटकोनी बेंड नको; ४५ अंशांचे दोन लावा, तिथे अडकत नाही आणि लाइन साफ करायची सळई वळते. पाइपाखालची माती एकदम लोटून भरली, तर पावसाळ्यात ती बसते आणि पाइप मध्येच झोळासारखा खाली जातो. म्हणून १५ ते २० सेंमीचे थर करून, पाणी शिंपून, धुमसून भरायला लावा. खड्ड्यावर आणि पाइपावर गाडी जाणार नाही, जवळ झाड येणार नाही, हेही आखणीतच ठरवा.

टाकीच्या भिंती दुरुस्त केल्या असतील, तर पाणी भरून गळती तपासा. बाहेरच्या पाइपापर्यंत भरून पहिला दिवस सोडून द्या, तेवढ्यात प्लास्टर पाणी पितं. मग पुन्हा भरून खडूने रेघ मारा आणि २४ तासांनी बघा. ही चाचणी होईपर्यंत माती भरू देऊ नका.

पैसे टप्प्यांनी द्या: थोडे साहित्य आल्यावर, थोडे खोदाई आणि बांधकाम झाल्यावर, थोडे पाण्याच्या चाचणीनंतर. शेवटचा हिस्सा एक पूर्ण पावसाळा जाईपर्यंत राखून ठेवता आला, तर उत्तम. कामवाला तयार नसेल, तर निदान पावसाळाभराची हमी लेखी घ्या, आणि तिच्यात काय येतं तेही: माती खचली, पाइप बसला, पाणी उलटं आलं, तर कोण येणार आणि किती दिवसांत.

माती भरण्याआधी प्रत्येक जोडाचा, टीचा आणि खड्ड्याच्या बांधकामाचा मोजपट्टी ठेवून फोटो काढा. घराचे दोन पक्के कोपरे धरा आणि टाकीची झाकणं, चेंबर, दोन्ही खड्डे प्रत्येक कोपऱ्यापासून किती अंतरावर आहेत ते कागदावर लिहा. दहा वर्षांनी दुसऱ्या कोणाला टाकी शोधायची झाली, तर दोन टेप ओढल्या की झाकण कुठे आहे ते कळेल. त्याच कागदावर गाळ मोजल्याची तारीख आणि सेंमी लिहायला रकाने आखा. पहिलं माप काम झाल्यावर एक वर्षाने.